फरशीवाल्या काकांची नळी

मित्रांनो, मला पाहून पुष्कळ जण फसतात. कुणाला मी कपडे पिळायचे लहान यंत्र वाटतो, कुणाला नुसता झाकणाचा डबा. परवा एका आजोबांनी माझ्या अंगाला काठी टेकवली आणि "ही पाण्याची टाकी का हो?" असे विचारून ते निघून गेले. मी रागावलो नाही. खिडकीखाली भिंतीला पाठ लावून, डोक्यावर कागदांची खोकी घेऊन बसलेल्या म्हाताऱ्या यंत्राला कोण कशाला ओळखेल?

मी सेंट्रिफ्यूज आहे. नाव जड असले तरी काम सोपे आहे. रक्ताने भरलेल्या नळ्या पोटात घ्यायच्या, झाकण मिटायचे आणि गरगर फिरायचे. दहा मिनिटे फिरलो की रक्तातला लाल भाग तळाशी बसतो आणि वर पिवळसर, पातळ पाणी उरते. त्याला सीरम म्हणतात. माणसाच्या अंगात काय चालले आहे, याच्या पुष्कळ खुणा त्या पिवळ्या पाण्यात असतात. त्या मला वाचता येत नाहीत. वाचणारे यंत्र माझ्या शेजारच्या टेबलावर होते. पण मी फिरल्याशिवाय त्याचे पान हलत नसे, हे मात्र खरे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पत्रा कापणारे वेगळे, मोटर बसवणारे वेगळे, रंग देणारे आणखी वेगळे. शेवटचा हात लावला तो चष्मा लावणाऱ्या एका बाईंनी. त्या माझे चाक फिरवायच्या, मान तिरकी करून आवाज ऐकायच्या, बोटाने काहीतरी खरवडायच्या आणि पुन्हा फिरवायच्या. चार तासांनी त्या म्हणाल्या, "आता हा कुरकुरणार नाही." माणसाने माझ्याबद्दल बोललेले ते पहिले वाक्य. मी ते अजून जपून ठेवले आहे.

तिथून मी या केंद्रात आलो. केंद्र म्हणजे काय, मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला दोन खोल्या आणि एक पडवी. पडवीत बाकडी मांडलेली. बाकड्यांवर बसणाऱ्या सगळ्यांचे दुखणे एकच, गुडघे. उठताना प्रत्येक जण आधी बाकड्याची कड धरायचा, मग दात आवळायचा, मग उठायचा. तो एकच आवाज दिवसभर ऐकू येई, "आई गं."

केंद्र चालवत होत्या त्या डॉक्टरीणबाई. बारीक अंगाच्या, भरभर चालणाऱ्या. त्यांना एका प्रश्नाने पछाडले होते. दोन माणसांच्या गुडघ्यांचे फोटो काढले, दोन्ही सारखेच झिजलेले दिसले, तरी एक जण बाजारात जाऊन येतो आणि दुसऱ्याला खुर्चीतून उठताना रडू येते. असे का? त्यांना वाटे की ही गोष्ट नुसत्या झिजण्याची नाही. सांध्याच्या आत मंद आग धुमसत असते आणि त्या आगीला अंगातली चरबी नि साखर वारा घालतात. आणि असे असेल, तर त्याच्या खुणा रक्तात सापडल्याच पाहिजेत. म्हणून त्यांनी दोनशे माणसे निवडली. दर सहा महिन्यांनी त्यांचे उपाशीपोटी रक्त घ्यायचे, वजन करायचे, किती दुखते ते विचारून लिहायचे, असे तीन वर्षे.

रक्त घेत त्या सुईताई. त्यांचे खरे नाव कागदांवर असेल, पण टोचलेले कळतच नाही म्हणून लोकांनीच हे नाव पाडले होते. त्या माणसाला बोलण्यात गुंतवायच्या आणि तो "घ्या आता" म्हणेपर्यंत नळी भरून बाजूला ठेवलेली असायची. मला त्या गरगऱ्या म्हणत. सकाळी आल्या की झाकणावर दोन थापा मारत, "काय गरगऱ्या, झोप झाली का?" माझी झोप होते की नाही, हे मला आजही माहीत नाही. पण कुणीतरी विचारते, याचे बरे वाटायचे.

पहिल्या दिवशी सगळ्यांत आधी आले ते फरशीवाले काका. अठ्ठावन्न वर्षांचे, जाडजूड, मोठ्या आवाजाचे. चाळीस वर्षे त्यांनी लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या होत्या. म्हणजे चाळीस वर्षे ते गुडघ्यांवरच उभे होते, असे म्हटले तरी चालेल. पँट वर केली तेव्हा गुडघ्यांवर घट्टे दिसले, चपलेच्या टाचेसारखे. सोबत त्यांची मुलगी होती. ती शहरबस चालवायची. वडिलांना सोडून तिला बस काढायची असे, म्हणून त्यांचा नंबर नेहमी पहिला.

"वडील जमिनीवर बसून काम करतात आणि मुलगी खुर्चीवर बसून," काका सुईताईंना म्हणाले. "आमच्या घराने एवढी तरी उंची गाठली."

"बाबा, हात पुढे करा," मुलगी म्हणाली.

मी तेव्हा थोडा थरथरत होतो. टेबलाचा एक पाय आखूड होता आणि सुईताई रोज त्याखाली कागदाची घडी सारायच्या. काकांनी माझा आवाज ऐकला. रक्त देऊन झाल्यावर ते कापूस दंडाशी धरूनच आत आले. पिशवीतून सपाटी तपासायची पाणसळ काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि तिच्यातला बुडबुडा एका कडेला पळाला. काका खाली बसले. बसताना त्यांचा चेहरा एवढा पिळवटला की सुईताई धावल्या. पण ते बसलेच. फरशीचा एक कपचा पायाखाली सरकवला, पुन्हा पाणसळ पाहिली, पुन्हा कपचा काढून घासला. बुडबुडा मधोमध आला तेव्हाच ते सुईताईंच्या हाताचा आधार घेऊन उठले. "आता फिरवा," ते म्हणाले. त्या दिवसापासून मी थरथरलो नाही.

अभ्यासात कुणाचे नाव लिहीत नसत. प्रत्येकाला चिठ्ठी काढून क्रमांक दिला होता. काकांचा क्रमांक एकशे सतरा. त्यांचे वजन चौऱ्याऐंशी किलो, साखर जराशी वर, रक्तातली चरबीही वर. आणि सीआरपी नावाचा एक आकडा, तीन. हा सीआरपी फार शहाणा आणि फार अर्धवट असतो, मित्रांनो. अंगात कुठेही दाह असला की तो वर चढतो. पण कुठे, ते सांगत नाही. धूर दिसावा आणि घर कुणाचे पेटले ते कळू नये, तसे.

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना सांगितले होते, वजन उतरवा, चाला, गोड कमी करा. गुडघ्यावरचा भार हलका होईल आणि आतली आगही थोडी निवेल. सल्ला खराच होता. काही जणांनी ऐकला, बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. दुसऱ्या वेळी काकांचे वजन चौऱ्याऐंशीच भरले. तिसऱ्या वेळी एक्याऐंशी. चौथ्या वेळी काट्यावर उभे राहिले तेव्हा शहात्तर.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. रक्ताचे आकडे अजून यायचे होते. त्यांनी काकांना पडवीत नेऊन सगळ्यांसमोर उभे केले. "हे पाहा! दीड वर्षात आठ किलो. जमतं की नाही? मनावर घेतलं की जमतं." पडवीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दारातून मला काकांची पाठ दिसत होती. त्यांचा सदरा खांद्यांवरून लोंबत होता.

"मी काही केलं नाही हो," काका संकोचून म्हणाले. "हल्ली भूकच लागत नाही."

सगळे हसले. एक बाई म्हणाल्या, "नशीबवान आहात. आम्हाला मेली भूक सोडत नाही."

"आणि त्या गुडघ्याच्या गोळ्यांनी पोटात सारखं ढवळतं," काका म्हणाले. पण तोवर डॉक्टरीणबाई आत गेल्या होत्या आणि पुढच्या माणसाचा नंबर पुकारला गेला होता. टाळ्या वाजत असताना माणूस जे बोलतो, ते कुणाला ऐकू जात नाही. त्या दिवशी मला हे कळले.

त्याच सकाळी काकांची नळी माझ्या पोटात फिरली. सुईताईंनी सीरम काढून शेजारच्या यंत्राला दिले आणि आकडे वहीत उतरवू लागल्या. एकशे सतराच्या ओळीवर त्यांचा हात थांबला. सीआरपी अडतीस होता.

अभ्यासाचा एक नियम होता. सीआरपी दहाच्या वर गेला तर तो नमुना धरायचा नाही, पंधरा दिवसांनी पुन्हा घ्यायचा. पुन्हाही वर आला, तर तो क्रमांक अभ्यासातून वगळायचा. नियम वाईट नव्हता. कुणाला सर्दी-ताप झालेला असतो, कुणाची दाढ सुजलेली असते. त्या दाहाचा गुडघ्याशी संबंध नसतो आणि असे आकडे मिसळले तर सगळा अभ्यासच चुकीच्या वाटेला जातो. डॉक्टरीणबाईंना गुडघ्याचा दाह शोधायचा होता. नियम एवढेच सांगत होता की, हा गुडघ्याचा नाही. मग कशाचा, हे विचारायचे कुठे लिहिलेले नव्हते.

पंधरा दिवसांनी काका पुन्हा आले. सुईताईंनी विचारले, "सर्दी? खोकला? दात?" काका म्हणाले, "काही नाही. थकवा येतो. पण वयच झालं ना." वजन चौऱ्याहत्तर. सीआरपी एक्केचाळीस.

आता, मित्रांनो, हे नीट ऐका. डॉक्टरीणबाई आकडे पाहत ते क्रमांकाने, आणि सगळ्यांचे एकदम. आकडेमोड करणारे साहेब तर माणसांना कधी भेटतच नसत. त्यांची खोली वरच्या मजल्यावर होती. एकशे सतरा म्हणजे खांद्यावरून सदरा लोंबणारे काका आणि त्याच एकशे सतराच्या रक्तात एक्केचाळीस, या दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या. ते डोके सुईताईंचे.

त्या वर गेल्या नाहीत. साहेबच खाली आले होते, कागद न्यायला. सुईताईंनी वही पुढे केली.

"एकशे सतरा पुन्हा वर आलाय, साहेब."

साहेबांनी पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. "दोन्ही वेळा याच यंत्रात फिरवलं ना? जुनं झालंय हे. थरथरून रक्तातल्या पेशी फुटत असतील. आकडा बिघडणारच."

"पेशी फुटल्या असत्या तर सीरम लाल दिसलं असतं. हे अगदी स्वच्छ आहे. आणि हा थरथरत नाही."

"मग तुमचं म्हणणं काय?"

सुईताई घुटमळल्या. "मला वाटतं, त्या माणसाला काहीतरी होतंय."

"कुठल्या माणसाला?" साहेब रागाने नव्हे, समजावणीच्या सुरात बोलत होते. "ताई, आपल्याकडे क्रमांक आहेत. कोण कुठला हे उघड करायचं नाही, असं आपण सगळ्यांनी सही करून मान्य केलंय. एकासाठी नियम मोडला तर दोनशे जणांचा अभ्यास मातीत जाईल. वगळा एकशे सतरा. आणि हे यंत्र बदलून घेऊ."

त्या वीस वर्षे नळ्या भरत होत्या, साहेब मोठे शिकलेले होते. त्यांनी मान हलवली. त्यांचा हात माझ्या झाकणावर होता. तो त्यांनी काढून घेतला.

डॉक्टरीणबाई तेव्हा परगावी गेल्या होत्या. महिन्याने आल्या, तेव्हा सुईताईंनी विषय काढला. पण कसा काढला? "बाई, साहेब म्हणतात यंत्र जुनं झालंय, एक-दोन आकडे चुकीचे येतायत." बाई टपालाच्या गठ्ठ्यातून मान वर न काढता म्हणाल्या, "मग नवीन मागवा." संपले. माझ्या आड लपून सुईताईंनी ते सांगितले आणि माझ्या आडच ते राहून गेले.

केंद्राकडून काकांना पत्र गेले. तुमचा सहभाग पूर्ण झाला आहे, आपण दिलेल्या वेळेबद्दल आभारी आहोत. दोन दिवसांनी काका ते पत्र घेऊन पडवीत उभे. मुलगी सोबत नव्हती. पत्राची घडी त्यांनी इतक्या वेळा उघडली-मिटली होती की मधोमध कागद फाटला होता.

"माझं काही चुकलं का, ताई? तीन वर्षं म्हणाला होता. दोनसुद्धा झाली नाहीत."

"नाही हो काका." सुईताई त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. "यंत्र बिघडलंय आमचं."

मित्रांनो, मला बोलता येत असते, तर त्या दिवशी मी ओरडलो असतो. मी बिघडलो नव्हतो. माझे टेबल तुम्हीच सरळ केलेत काका, मी पाण्यासारखा फिरतो आहे, तुमचे रक्त मी नीट वेगळे केले आहे, त्यात आग आहे! पण यंत्राला फक्त घरघर करता येते.

काका आत आले आणि माझ्या झाकणावरून त्यांनी हात फिरवला. "याचंही वय झालं म्हणायचं," ते म्हणाले. "माझ्यासारखंच."

सुईताईंना राहवले नाही. "काका, एकदा तपासून घ्या ना. मोठ्या रुग्णालयात."

"काय तपासू? गुडघे तर तुम्हीच बघता."

"गुडघे नाही. असंच. सगळंच."

"असंच कुणी डॉक्टरकडे जातं का?" काका हसले. "काही आहे का सांगण्यासारखं?"

एवढे त्यांनी सरळ विचारले होते. हो म्हणायला एक क्षण पुरला असता. सुईताई म्हणाल्या, "तसं काही नाही." काका पडवीतून हळूहळू निघून गेले. सुईताई आत आल्या आणि रिकाम्या नळ्या उगाचच पुन्हा मोजू लागल्या.

नवे यंत्र यायला अडीच महिने लागले. ते पांढरेशुभ्र होते, बटणे दाबली की गाणे म्हणायचे. मला उचलून रक्त घ्यायच्या खोलीत खिडकीखाली ठेवले आणि माझ्या डोक्यावर जुन्या कागदांची खोकी चढली. सकाळच्या थापा बंद झाल्या. नवे यंत्र वाईट नव्हते, त्याचा मला राग नाही. पण मोडीत काढायचेच होते, तर म्हातारा झालो म्हणून काढायचे. ज्या एका कामात मी चुकलो नव्हतो, त्याच कामासाठी मला दोष लागला, ते मला फार लागले. तेव्हा मला वाटत होते की यात सगळ्यांत जास्त अन्याय माझ्यावर झाला आहे. मी किती वेडा होतो!

पुढे एका दुपारी काकांची मुलगी एकटीच आली. अंगावर बस चालवायचा गणवेश, हातात जाड फाईल. पडवी रिकामी होती. सुईताई तिला पाहून उठल्या, आणि तिचा चेहरा पाहून पुन्हा खाली बसल्या.

"बाबांना आतड्याचा कॅन्सर आहे," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "यकृतात पसरलाय. ऑपरेशन होणार नाही म्हणतात."

सुईताईंनी खुर्ची पुढे सरकवली.

"तिथले डॉक्टर विचारत होते, वजन कधीपासून उतरतंय? मी म्हटलं, वर्ष होऊन गेलं. ते म्हणाले, वर्षभर कुणालाच काही वाटलं नाही?" तिने फाईल दुसऱ्या हातात घेतली. "आम्ही घरी आनंदात होतो हो, ताई. मी बाबांना नवीन पँट आणली, कमरेला बारीक. त्यांनी ती घालून शेजाऱ्यांना दाखवली."

तिने फाईल टेबलावर ठेवली.

"एक विचारते. दर सहा महिन्यांनी तुम्ही त्यांचं रक्त काढत होता. त्यात काहीच दिसलं नाही का?"

मला वाटले, आता पुन्हा माझे नाव निघणार. यंत्र बिघडले होते, एवढे म्हटले की सुटका होती. मी तिथेच होतो, समोर, जुना आणि गंजत आलेला. दाखवायलाही सोपा.

"दिसलं होतं," सुईताई म्हणाल्या. "मला दिसलं होतं. दोनदा."

"मग?"

"मग मी गप्प बसले. यंत्र बिघडलं म्हणाले. ते खोटं होतं."

मुलगी ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. "त्यांना जमिनीवरून उठताना तुम्ही हात द्यायचात," ती म्हणाली. "बाबा घरी येऊन सांगायचे, फार मायाळू बाई आहेत. मग तोंडाने एवढं एक वाक्य का नाही निघालं?" तिने फाईल उचलली. तीनची बस तिला काढायची होती.

आठवड्याने काका स्वतः आले. मुलीच्या दंडाला धरून, अगदी लहान झालेले. मुलगी सुईताईंशी बोलली नाही. काका खुर्चीत बसले आणि म्हणाले, "गंमत बघा, गुडघे आता दुखतच नाहीत. भारच राहिला नाही ना." कुणी हसले नाही. मग ते म्हणाले, "माझे आकडे मला द्या. दोन वर्षं रक्त दिलंय. एकदाही मला दाखवलं नाहीत."

सुईताईंनी ते आधीच एका कागदावर लिहून ठेवले होते, साध्या भाषेत, मोठ्या अक्षरांत. कोणता आकडा कशाचा, किती असावा, किती होता. कुणाची परवानगी त्यांनी घेतली नव्हती. काका बोट फिरवत वाचत गेले. चौथ्या ओळीवर बोट थांबले. वजन शहात्तर, साखर चांगली, चरबी चांगली, दाह अडतीस.

"याच दिवशी टाळ्या वाजवल्या होत्या," काका म्हणाले.

दारात डॉक्टरीणबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. सुईताईंनी आदल्याच दिवशी त्यांच्यासमोर सगळे बोलून टाकले होते, या वेळी माझ्या आड न लपता. बाई आत यायला धजत नव्हत्या. "टाळ्या मी सुरू केल्या होत्या," त्या दारातूनच म्हणाल्या.

काकांनी मान डोलावली. रागाने नव्हे, नुसती. मग म्हणाले, "आमच्या कामात फरशी बसवून झाली की प्रत्येक फरशीवर टकटक करून बघतात. शंभरात एखादी पोकळ वाजते. वरून कळत नाही, चकचकीत दिसते. मालकालाही कळत नाही. पण वाजली पोकळ, की उचलायची. नव्व्याण्णव बरोबर बसल्या म्हणून ती एक सोडून कसं चालेल? उद्या तिच्यावर कुणाचा तरी पाय पडणारच."

सुईताई रडत होत्या. "काका, मला माफ—"

"माफीचं मला कळत नाही, ताई. हिला विचारा, ही करेल तेव्हा करेल." त्यांनी मुलीकडे पाहिले. ती खिडकीबाहेर पाहत होती. "मला एवढंच सांगा, असं आभाराचं पत्र आणखी किती जणांना गेलंय?"

वही काढली. एकूण अकरा जणांना वगळले होते. काकांना सोडून दहा.

त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंनी स्वतः कुलूप काढून नावांची यादी बाहेर आणली. साहेब खाली आले, नियमाचा कागद हातात घेऊन. बाई त्यांना म्हणाल्या, "अभ्यासातून वगळा. पण माणसाला सांगायचं नाही, असा नियम कुणी केला? आपण केला नव्हता. आपण विसरलो होतो." साहेबांनी कागदाची घडी करून तो खिशात ठेवला. मग खुर्ची ओढून त्यांनी यादीतले फोन नंबर सुईताईंना वाचून दाखवायला घेतले. आकड्यांपलीकडचे आवाज ते पहिल्यांदाच ऐकत होते.

सात जणांचे काही निघाले नाही. दाढ, ताप, जुनी जखम, असे काहीबाही होऊन गेलेले. दोघांचा फोन लागेना, म्हणून सुईताई त्यांच्या घरी गेल्या. एक घर बदलून गेलेले, दुसरे आजोबा ठणठणीत होते आणि उलट यांनाच दारातून हाकलायला निघाले. राहिलेली दहावी व्यक्ती म्हणजे शाळेत शिकवणारी एक बाई. तिचे गुडघे नुसते झिजलेले नव्हते, तिला सांध्यांचा वेगळाच, आतून जाळणारा आजार होता. बोटेही सुजू लागली होती. तिला योग्य औषध सुरू झाले. दोन महिन्यांत ती फळ्यावर पुन्हा लिहू लागली.

हे सांगायला सुईताईंनी काकांच्या घरी फोन केला. मुलीने उचलला. सुईताई बोलत राहिल्या. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा झोपलेत. उठले की सांगते." तिने सांगितले की नाही, ते मला ठाऊक नाही. पाच आठवड्यांनी काका गेले.

सहा महिने आधी कळले असते तर ते वाचले असते का? सुईताईंनी हे डॉक्टरीणबाईंना विचारले होते. बाई म्हणाल्या, "कदाचित." त्या एका शब्दाबरोबर सुईताई अजून जगत आहेत. त्या हसतात, लोकांना बोलण्यात गुंतवतात, सुई टोचलेली आजही कळत नाही. पण वजनकाट्यावर कुणाचा आकडा खाली आला की आता त्या शाब्बास म्हणत नाहीत. आधी विचारतात, "मुद्दाम उतरवलंत का?"

अभ्यास पुरा झाला. चांगला झाला, असे म्हणतात. ज्यांच्या रक्तात दाह जास्त आणि साखर-चरबीही जास्त, त्यांचे गुडघे अधिक दुखतात, असे काहीसे त्यात निघाले. पण कोणताही एक आकडा एकट्याने सगळे सांगत नाही, असेही निघाले. छापून आलेले पान बाईंनी भिंतीवर लावले आहे. मला ते इथून दिसते. त्यात काकांचे नाव नाही, क्रमांकही नाही. वरच्या बाजूला बारीक अक्षरांत एक ओळ आहे, "अकरा जण वगळले." मोठमोठी माणसे येतात, आकडे वाचतात, वाहवा करतात. त्या ओळीपाशी कुणी थांबत नाही. बस चालवणारी मुलगी एकदा येऊन थांबली होती. ओळीवर बोट ठेवून बराच वेळ उभी राहिली. जाताना तिने सुईताईंकडे पाहिले, आणि अगदी किंचित मान हलवली. एवढेच.

मला आता पुढच्या आठवड्यात भंगारात नेणार आहेत. माझे मला फारसे दुःख नाही. यंत्राला शेवटी पत्राच व्हायचे असते. पण जाण्याआधी तुम्हाला एक सांगायचे आहे, मित्रांनो. तुमच्या घरात कुणीतरी असेलच, आजी, मामा, शेजारचे काका, जे उठताना बाकड्याची कड धरतात. ते म्हणतील, वय झाले. तुम्ही हो म्हणू नका. भूक लागते का, ते विचारा. कपडे का सैल झाले, ते विचारा. त्यांच्या रक्ताचा कागद घरी आला तर तो कपाटात टाकू देऊ नका. वाचायला लावा, आणि कळले नाही तर डॉक्टरांना विचारायला लावा, दोनदा विचारायला लावा. आणि मोठेपणी तुम्ही कुणी नळ्या भरणारे झालात, किंवा वरच्या मजल्यावर बसून आकडे जुळवणारे झालात, आणि एखादा आकडा रांगेत बसला नाही, तर यंत्राला दोष देण्याआधी खाली पडवीत या. तिथे एक माणूस बसलेला असतो. त्याला जाऊन सांगा.